एआय दुर्बिणीची बातमी वाचली, पण बघणाऱ्याचं काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात पोट-आतडी आतून तपासायच्या, एआय बसवलेल्या दुर्बिणीची बातमी अर्ध्या पानावर आली होती. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात असं मशीन आलंय, आता आतड्यातला कॅन्सर डॉक्टरच्या आधी कॉम्प्युटरच पकडणार, वगैरे. मी एंडोस्कोपी म्हणजे दुर्बिणीनं तपासणीच्या विभागात सिस्टर आहे, आधी सरकारी दवाखान्यात होते, आता एका खाजगी हॉस्पिटलात आहे. बातमी आल्यापासून रोज कोणीतरी पेशंट नाहीतर सोबत आलेला मुलगा, सून विचारतातच, सिस्टर तुमच्याकडे ते एआयवालं मशीन आहे का, नसेल तर आम्ही पुण्याला जातो, हैदराबादला जातो. एक मावशी तर शौचातून रक्त जात असताना नंबर सोडून निघाल्या होत्या, कसंबसं समजावून थांबवलं. म्हणून लिहायला बसले. बातमी खोटी नव्हती, पण त्यात जे सुटलं तेच आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या लोकांच्या जास्त कामाचं आहे.

आधी एआयचंच सांगते. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर मशासारखे कोंब येतात त्याला पॉलिप म्हणतात, आणि त्यातल्या ऍडिनोमा जातीचे पॉलिप वर्षानुवर्षं वाढून पुढे कॅन्सर होऊ शकतात. दुर्बिणीत ते दिसले की तिथल्या तिथे तारेच्या फासानं कापून काढता येतात. एआय काय करतं तर स्क्रीनवर जिथं संशय वाटतो तिथं चौकोन काढून दाखवतं, बाकी नळी फिरवणं, धुणं, कापणं सगळं डॉक्टरच करतात. चीनमधे १०५८ लोकांवर याचा अभ्यास झाला, २०१९ मधे छापून आला. साध्या तपासणीत शंभरातल्या २० जणांत असे पॉलिप सापडले आणि एआय लावल्यावर २९ जणांत. इटलीत २०२० मधे ४० चे ५५ झाले. एप्रिल २०२१ मधे अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, अशा पहिल्या मशीनला परवानगी दिली. म्हणजे फायदा आहे, मी नाही म्हणत नाही. पण चीनच्या अभ्यासात जास्तीचे जे सापडले ते बहुतेक अगदी बारीक होते, पाच मिलिमीटरच्या आतले, ज्यातले कितीतरी आयुष्यभर काही त्रास देत नाहीत.

आणि बातमीत नसलेली गोष्ट म्हणजे पोलंडची. तिथल्या चार सेंटरमधे २०२१ च्या शेवटी एआय सुरू झालं. मग अभ्यास करणाऱ्यांनी बघितलं की एआय येण्याआधी हे डॉक्टर किती पॉलिप शोधत होते, आणि एआयची सवय लागल्यानंतर ज्या दिवशी मशीन लावलेलं नव्हतं त्या दिवशी किती शोधत होते. आधी शंभरातल्या २८ जणांत सापडायचे, नंतर २२. हे काही शिकाऊ डॉक्टर नव्हते, दोन दोन हजार तपासण्या केलेले लोक होते. ऑगस्ट २०२५ मधे हा अभ्यास आला. एका अभ्यासावरून निकाल लावायचा नसतो हे मान्य, पण चौकोन दिसेल तेव्हा बघू अशी डोळ्याला सवय लागत असेल तर ती काळजीची गोष्ट आहे, विशेषतः आमच्याकडे जिथं लाईट गेली, लायसन्स संपलं, मशीन दुरुस्तीला गेलं की महिना महिना परत येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. एआय यायच्या कितीतरी आधी, २००६ मधे अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या १२ डॉक्टरांचा एक अभ्यास झाला होता. त्यात मशीन नवीन नाही, औषध नवीन नाही, फक्त घड्याळ लावलं होतं. नळी आतड्याच्या टोकापर्यंत नेली की खरं बघणं सुरू होतं ते परत येताना, हळूहळू बाहेर काढत, प्रत्येक वळणामागे डोकावत. जे डॉक्टर परत यायला सरासरी सहा मिनिटं किंवा जास्त घ्यायचे त्यांना शंभरातल्या २८ पेशंटमधे पॉलिप नाहीतर गाठ सापडायची, आणि जे सहा मिनिटांच्या आत उरकायचे त्यांना १२ जणांत. तोच देश, तसेच पेशंट, तशीच दुर्बीण, आणि निम्म्याहून जास्त फरक! मग २०१४ मधे कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून जास्त तपासण्यांचा हिशेब आला, त्यात दिसलं की डॉक्टरचं पॉलिप शोधायचं प्रमाण एक टक्क्यानं वाढलं की त्याच्या पेशंटना नंतर कॅन्सर निघण्याचा धोका तीन टक्क्यांनी कमी होतो. आता अमेरिकेतल्या गाईडलाईनमधे परत येण्याचा वेळ आठ मिनिटं धरतात. संपादक साहेब, एआयवर जेवढी जागा दिली त्याच्या चौथाई जागा कुणी या आठ मिनिटांना दिली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण ती आठ मिनिटं आत्ता, आज, आहे त्या दुर्बिणीत देता येतात.

पोटाच्या म्हणजे जठराच्या दुर्बिणीचंही तसंच आहे. लोकांना वाटतं तोंडातून नळी घातली, दोन मिनिटांत काढली, डॉक्टर किती हुशार. सिंगापूरचा २०१५ चा अभ्यास आहे, जे डॉक्टर जठराच्या तपासणीला सात मिनिटं किंवा जास्त देतात त्यांना धोक्याच्या जागा घाई करणाऱ्यांपेक्षा दुपटीनं सापडल्या. जपान आणि कोरियात जठराचा कॅन्सर खूप, कोरियात तर चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारच तपासणी करून देतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बघण्याची शिस्तच बसवलीय, कुठून सुरुवात करायची, कुठले कुठले फोटो घ्यायचे, एकही कोपरा सुटता कामा नये. आत फेस आणि चिकटा असला तर फेस मोडणाऱ्या सिमेथिकॉनचं पाणी मारून धुवून मग बघायचं, ते औषध काही रुपयांचं आहे. नवीन स्कोपमधे म्हणजे दुर्बिणीत एक बटण असतं, ते दाबलं की उजेड निळा-हिरवा होतो आणि रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात, त्याला एनबीआय म्हणतात, हिमोग्लोबिन तो निळा-हिरवा उजेड शोषून घेतं म्हणून. साध्या पांढऱ्या उजेडात नुसता लालसर पट्टा वाटणारी जागा त्या उजेडात वेगळी कळते आणि बायोप्सीचा तुकडा नेमका तिथून घेता येतो. हे बटण आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच दुर्बिणींवर आहे, ते दाबण्याचं ट्रेनिंग सगळ्यांकडे नाही.

पेशंटच्या हातातही मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे पोट साफ करणं. एआयला काय आणि माणसाला काय, घाणीखालचा पॉलिप दिसत नाही. पावडरचं पाणी प्यायला लोक कंटाळतात, अर्धं पितात अर्धं मोरीत ओततात आणि सकाळी सांगतात सिस्टर सगळं घेतलं. संशोधनानं यात एक फार सोपी सुधारणा सांगितलीय, सगळं औषध आदल्या रात्री न पिता निम्मं रात्री आणि निम्मं तपासणीच्या चार-सहा तास आधी पहाटे घ्यायचं. त्यानं आतडं जास्त स्वच्छ मिळतं, हे कितीतरी अभ्यासांत परत परत दिसलंय. पण आमच्याकडे अजून कितीतरी ठिकाणी जुन्याच चिठ्ठ्या वाटतात, रात्री सगळं प्या म्हणून. खेड्यातून येणाऱ्याला पहाटे पावडर पिऊन एसटीत बसवत नाही हे मला कळतं, मग त्याला दुपारचा नंबर द्यावा, नाहीतर आदल्या दिवशी ठेवून घ्यावं. जेवणाचंही नीट सांगत नाहीत, पेरू, टोमॅटो, डाळिंब, अंजीर, तीळ, यातली कुठली बी आदल्या दोन दिवसांत पोटात गेली की सक्शनची नळी तुंबते आणि आम्ही नुसतं तुंबलेलं उघडत बसतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी थांबवायच्या, नाहीतर आत काळं चिकट दिसतं. हे सगळं चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात असायला पाहिजे.

इथं एक सांगितलंच पाहिजे की युरोप-अमेरिकेतले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्याकडे मोठ्या आतड्याचा कॅन्सर त्यांच्यापेक्षा कमी आहे, तेव्हा सगळ्यांनी पन्नाशीला कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करून घ्या असा प्रचार मी करणार नाही. त्यांच्याकडेही यावर वाद आहेच. पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधल्या ८४ हजारांवर लोकांचा अभ्यास २०२२ मधे आला, तपासणीला बोलावलेल्यांत दहा वर्षांत कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी झाला पण मृत्यूत म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि लगेच जगभरच्या पेपरांनी कोलोनोस्कोपी फेल असं लिहून टाकलं. त्यात बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक तपासणीला आले होते हे खालच्या ओळीत राहिलं.

आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे रस्त्यावर दर दहा पावलांवर मूळव्याध-भगंदर खात्रीशीर इलाज अशी पाटी असते. शौचातून रक्त गेलं की माणूस तिकडे जातो, लाजेनं घरी सांगत नाही, बायका तर अजिबातच नाही, आणि मलम, क्षार, गोळ्या करत वर्ष-दीड वर्ष जातं. आमच्याकडे येतो तेव्हा वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन सहा, आणि गुदाशयात गाठ. यात तिशी-पस्तिशीची माणसंही असतात, आपल्या देशात हा कॅन्सर तरुणांत बराच दिसतो. याच्यावर कुठलंही एआय काही करू शकत नाही. आधी कुणीतरी बोटानं तपासायला पाहिजे, मग छोटी तरी दुर्बीण घालायला पाहिजे. तुमच्या पेपरात त्या पाट्यांच्या जाहिराती छापता, त्याच पानावर कधीतरी हेही छापा की शौचातून रक्त जातंय, वजन कमी होतंय, शौचाची सवय बदललीय तर मूळव्याध समजून गप्प बसू नका.

रक्ताच्या उलटीचं सांगते, कारण रात्री-अपरात्री येणाऱ्या केसेस याच जास्त. नातेवाईक आरडाओरडा करतात की आत्ताच्या आत्ता दुर्बीण टाका, डॉक्टर कुठे आहेत, इथं कुणाला काही पडलेलं नाही. हाँगकाँगमधे ५१६ अशा गंभीर पेशंटवर अभ्यास झाला, २०२० मधे आला. निम्म्यांना सहा तासांच्या आत दुर्बीण, बाकीच्यांना सहा ते चोवीस तासांत, आधी सलाईन, रक्त, ऍसिड कमी करणारं इंजेक्शन देऊन स्थिर केलेलं. महिन्याभरात मृत्यू पहिल्या गटात ८.९ टक्के आणि दुसऱ्यात ६.६. म्हणजे घाई करून फायदा झाला नाही. बीपी सावरतच नाही, शॉकमधे आहे असे पेशंट त्या अभ्यासात नव्हते, त्यांचं गणित वेगळं. पण बाकीच्यांसाठी रात्री दोनला अर्धवट स्टाफवर नळी घालण्यापेक्षा रात्रभर नीट सांभाळून सकाळी पूर्ण टीम असताना केलेली तपासणी मला बरी वाटते, आणि थांबल्यानं नुकसान दिसलं नाही हे आकड्यांतही आहे. रक्त चढवण्याचंही तसंच, बार्सिलोनाच्या २०१३ च्या अभ्यासात हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले पेशंट जास्त जगले, नऊच्या खाली गेलं की लगेच दिलेल्यांपेक्षा. आमच्याकडे मात्र बाटली लावली नाही तर उपचारच केले नाहीत असं समजतात. दारूनं लिव्हर गेलेल्यांच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबराचे बँड लावतात, जठरातल्या शिरांमधे ग्लूचं इंजेक्शन देतात, हे दोन्ही जुने झालेत आणि अजूनही रोज जीव वाचवतात, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतं, हात तयार असले तर.

पित्तनळीत अडकलेल्या खड्याचं उदाहरण मला सगळ्यात जास्त भिडतं. ईआरसीपी करतात म्हणजे तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन पित्तनळीचं तोंड कापून खडा ओढून काढतात, १९७४ पासून होतंय हे. पूर्वी नुसतं निदान करायलाही ईआरसीपी करायचे, आता एमआरसीपी म्हणजे एमआरआयनं पित्तनळीचं चित्र नाहीतर एंडोस्कोपिक सोनोग्राफीनं आधी बघून मगच हात घालतात, हा एक मोठा बदल. कारण या प्रोसिजरची भीती म्हणजे नंतर स्वादुपिंडाला येणारी सूज, बरं व्हायला आलेला माणूस आयसीयूत जातो. २०१२ मधे अमेरिकेत ६०२ जास्त धोक्याच्या पेशंटवर बघितलं, ईआरसीपी झाल्या झाल्या गुदद्वारातून इंडोमेथासिनची गोळी ठेवली तर सूज येण्याचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ वर आलं. साधी, जुनी, दुखण्यावरची, चार पैशांची गोळी! आता इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक ठेवावं असं गाईडलाईनमधेच आहे. पण ती ठेवायची आठवण कोण ठेवतं, तर सिस्टर. गोळी कपाटात आहे का हे आदल्या दिवशी कोण बघतं, तर सिस्टर. या संशोधनाचा फोटो कुठल्या पेपरात येणार नाही कारण फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही, तरी माझ्या मते एखाद्या मोठ्या मशीनपेक्षा जास्त लोकांना याचा उपयोग झाला असेल.

आता मोठ्या कामांकडे. स्वादुपिंड सडून आत पू साचला की पूर्वी पोट उघडायचे, त्यात बरेच दगावायचे. आता जठराच्या भिंतीतून सोनोग्राफीच्या दुर्बिणीनं छेद घेऊन रुंद तोंडाची धातूची नळी बसवतात आणि तो सडलेला भाग आतूनच काढतात. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी यावर वर्षानुवर्षं एकामागून एक अभ्यास केलेत. २०१८ मधे दिसलं की दुर्बिणीच्या वाटेनं गेलं तर मृत्यू आणि मोठी गुंतागुंत सर्जरीएवढीच, पण स्वादुपिंडातून गळती लागून राहण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ५ वर येतं आणि पेशंट लवकर घरी जातो. आणि २०२१ मधे त्यांनीच दाखवलं की इन्फेक्शन कळल्या कळल्या नळी टाकण्याची घाई करू नये, अँटिबायोटिक देऊन थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना नळीची गरजच पडली नाही. नातेवाईकांना थांबणं म्हणजे दुर्लक्ष वाटतं. ते समजावून सांगायला वेळ लागतो आणि तोच वेळ आमच्याकडे नसतो, बाहेर तीस पेशंट बसलेले असतात.

अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडतच नाही, घास उतरत नाही, पाणीसुद्धा परत येतं असा एक आजार आहे, अकलेशिया. वर्षभर ऍसिडिटीच्या गोळ्या खाऊन माणसाचा सांगाडा होतो. योकोहामाचे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मधे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा करत जाऊन आतला घट्ट स्नायू कापायची पद्धत माणसात पहिल्यांदा केली, तिला पोएम म्हणतात. बाहेर एकही टाका नाही. २०१९ मधे दोन मोठे अभ्यास आले, एकात दोन वर्षांनी पोएमचा गुण ८३ टक्के आणि सर्जरीचा ८२, दुसऱ्यात पोएमचा ९२ टक्के आणि फुग्यानं ताणण्याचा ५४. पण पोएमनंतर छातीत ऍसिड चढण्याचा त्रास सर्जरीपेक्षा जास्त दिसला, हेही पेशंटला आधी सांगायला पाहिजे. हैदराबादला हे खूप होतं, आणि तिथल्या एआयजी हॉस्पिटलचे डॉ. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ मधे पद्मविभूषण मिळालं ते अशाच कामासाठी, आपल्या मराठवाड्यातले किती लोक रात्रीच्या गाडीनं तिकडे जातात ते स्टेशनवर जाऊन बघा. मला त्याचा अभिमानच आहे, पण प्रत्येकाला हैदराबाद परवडत नाही. आणि तिथपर्यंत पोचायला आधी इथं कुणाला तरी संशय यायला पाहिजे की ही ऍसिडिटी नाही.

अजून एक आपलंच दुखणं म्हणजे आतड्याचा टीबी. लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं तिथं व्रण दिसतात आणि तो टीबी आहे की क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि व्रण आणणारा वेगळा आजार) हे नुसतं बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही. चुकून टीबीला क्रोन्सचं स्टिरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो. म्हणून तुकडे भरपूर घ्यायचे, व्रणाच्या कडेचे आणि मधले दोन्ही, काही फॉर्मलिनमधे आणि काही नुसत्या सलाईनमधे, कारण फॉर्मलिनमधल्या तुकड्यात कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी होत नाही. सगळेच तुकडे सवयीनं फॉर्मलिनमधे टाकले की पेशंटची पूर्ण तपासणी परत करायची वेळ येते. या देशात रोज लागणारं ज्ञान आहे हे, परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकात मिळणार नाही.

आणि ज्यावर कुणीच लिहीत नाही ते स्कोप धुणं. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कापू नका ही विनंती. एक स्कोप दिवसभरात कितीतरी पेशंटच्या पोटात जाऊन येतो. बाहेर काढल्या काढल्या एन्झाइमच्या पाण्यानं पुसायचा, आतून ते पाणी ओढायचं, मग गळती टेस्ट, मग प्रत्येक चॅनेलमधून ब्रश, मग ग्लुटाराल्डिहाइड किंवा दुसरं जे डिसइन्फेक्टंट असेल त्यात ठरलेला पूर्ण वेळ, मग स्वच्छ पाण्यानं धुवून, आतून हवा सोडून कोरडा करून लटकवून ठेवायचा. यातलं ब्रशचं काम हातानंच करावं लागतं, ते नीट नसेल तर पुढचं औषध वाया. ईआरसीपीच्या स्कोपच्या टोकाला एक वर-खाली होणारी पट्टी असते, तिच्या मागे घाण अडकते. अमेरिकेतसुद्धा, जिथं सगळी मशिनं आहेत, २०१५ मधे लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अशा स्कोपमधून अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू पसरले आणि पेशंट दगावले, तेही कंपनीच्या सूचनांप्रमाणे धुतलेले स्कोप होते. त्यानंतर तिथल्या एफडीएनं २०१९ मधे सांगितलं की टोक बदलता येईल किंवा पूर्ण एकदाच वापरायचे स्कोप घ्या. आपल्याला एकदाच वापरून फेकायचे स्कोप परवडणार नाहीत, तेव्हा आपल्याला धुण्यावरच भर द्यावा लागणार. आणि धुतं कोण, तर बहुतेक ठिकाणी कंत्राटी मामा-मावशी, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, हातात चांगले ग्लोव्हज नसतात, खोलीला एक्झॉस्ट नसतो, त्या औषधाच्या वाफेनं डोळे आणि छाती जळते. लिस्टमधे वीस केसेस लावल्या आणि स्कोप दोनच असले तर औषधातला वीस मिनिटांचा वेळ दहावर येणारच, कुणी मुद्दाम करत नाही, गर्दीच तशी रेटते. नवीन मशीनच्या फीत कापायला मंत्री येतात, धुण्याची खोली कुणी उघडून बघत नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. सरकारनं जिल्हा रुग्णालयांना आणि मेडिकल कॉलेजना दुर्बिणी देताना सोबत दोन जागा पक्क्या भराव्यात, एक शिकलेला टेक्निशियन आणि एक फक्त स्कोप धुण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, कंत्राटी नाही. प्रत्येक एंडोस्कोपी रूमनं, सरकारी असो की खाजगी, वर्षाला आपले आकडे काढावेत, परत येण्याचा वेळ किती, पोट स्वच्छ मिळालं किती टक्के जणांचं, पॉलिप किती जणांत सापडले, ईआरसीपीनंतर सूज किती जणांना आली. सुरुवातीला कुणाला दाखवू नका हवं तर, पण काढा. पेशंटच्या रिपोर्टवर आतड्याच्या टोकाचा फोटो आणि साफसफाई कशी होती ते लिहिलेलं असावं, आणि नसेल तर पेशंटनी नम्रपणे मागावं, डॉक्टरला राग यायचं कारण नाही. महात्मा फुले योजनेत पैसे देताना सरकारला हे विचारता येईल. एआय आलं तर जरूर घ्या, पण ज्या ठिकाणी अजून सहा मिनिटंही पूर्ण दिली जात नाहीत तिथं लाखो रुपये आधी माणसांवर आणि जास्तीच्या स्कोपवर खर्च करा, म्हणजे लिस्ट उरकायची घाई कमी होईल.

तुमच्याकडून एक पाहिजे. आरोग्य पुरवणीत एक चौकट द्या, कोलोनोस्कोपीच्या आधी काय खायचं, पावडर कशी दोन भागांत प्यायची, साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं. डायबिटीसचे पेशंट उपाशीपोटी इन्सुलिन टोचून येतात आणि आमच्या बाकावर घामाघूम होऊन पडतात, किमान ते तरी थांबेल. मजकूर मी लिहून देते, आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन या महिन्यातच पाठवते, नाव छापलं नाही तरी चालेल.

आपली,
एंडोस्कोपी विभागातली एक सिस्टर,
लातूर